बेळगावच्या हवेत चिंचिला सांभाळताना

बेळगावची हवा थंड, मग चिंचिलाला, म्हणजे दाट लवेच्या त्या परदेशी कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्याला, इथे काय त्रास होणार, असं म्हणून तो घरी आणणारे बरेच आहेत. डिसेंबर-जानेवारीत ते खरंही वाटतं. पण एप्रिलमध्ये टिळकवाडीतल्या वरच्या मजल्यावर दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, अथणी-रामदुर्गकडे त्याच्याही वर जातो. जुलैत खानापूर-कणकुंबीकडे तर भिंतींना ओल फुटते आणि दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. चिंचिला मूळचा चिलीतल्या कोरड्या, थंड, खडकाळ डोंगरउतारांवरचा. त्याच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासहून जास्त केस येतात. या अंगरख्यात त्याला ना आपला उन्हाळा सोसतो, ना आपला पावसाळा.

म्हणून दत्तक घेतलेल्या चिंचिलाच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे: आधी खोलीची हवा, मग खाणं, आणि मैत्री सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आल्या दिवशीच तो मांडीवर बसवतात, मुलांचे फोटो होतात, आणि थर्मामीटर आणायची आठवण होळीनंतर येते.

घेण्याआधी विचारून घ्या

आपल्याकडे येणारा चिंचिला बहुतेक वेळा पुण्या-बंगळूरच्या कुणीतरी सोडलेला असतो. नोकरी बदलली, बाळ झालं, हौस फिटली, कारण काहीही असो. चिंचिला १० ते २० वर्षं जगतो, त्यामुळे तुमच्याकडे आलेला आयुष्याच्या मध्यावरही असू शकतो. आधीच्या मालकाला त्याचं वय, नर की मादी, आत्ताचं वजन, कोणते पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) खातो, अंघोळीची धूळ कोणती वापरतात आणि दातांचा त्रास कधी झाला होता का, एवढं तरी विचारा. जोडी असेल तर दोघं आधीपासून एकत्र राहतात का तेही विचारा. नर-मादी एकत्र असतील तर १११ दिवसांनी पिल्लं होतील हे धरून चाला. जुन्या पेलेटची निदान दोन आठवडे पुरेल एवढी पिशवी आणि त्याच्या पिंजऱ्यातला एखादा न धुतलेला फ्लीसचा (मऊ, लोकरीसारख्या कापडाचा) तुकडा मागून घ्या. ओळखीचा वास बरोबर आला की नवं घर त्याला निम्मं जुनं वाटतं.

कागदपत्रांत हयगय नको. जंगली चिंचिला सायटीस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पाळीव पैदास त्यातून वगळलेली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं सायटीसच्या यादीतले परदेशी प्राणी आपल्या कायद्यात आणले आणि २०२४ च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. तेव्हा प्राणी पाळीव पैदाशीचा आहे हे दाखवणारी पावती आणि हस्तांतराचं सहीचं पत्र हातात घ्या आणि वनखात्याच्या कार्यालयात एकदा विचारून या. प्राणी राज्याच्या सीमेपलीकडून येणार असेल तर हे आणताना नव्हे, आणण्याआधी करायचं काम आहे.

खोली

चिंचिलाला १६ ते २१ अंश तापमान मानवतं. २५ च्या वर गेलं की काळजी, २७-२८ ला जिवाशी खेळ. त्याला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याचा त्याला फारसा उपयोग नाही. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. पाण्याचा कूलर तर लावूच नका, तो हवेत दमटपणा ओततो.

खोली निवडताना स्लॅबखालचा वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. तळमजल्यावरची, उत्तरेकडची खोली उत्तम. जुन्या वाड्यात जाड मातीच्या भिंतींचं माजघर सगळ्यात गार असतं, पण कौलांतून घुशी-उंदीर आणि बोका उतरणार नाही याची खात्री करून घ्या. मार्च ते मे एसीला पर्याय नाही, हे स्पष्टच सांगतो. महिन्याचं वीजबिल परवडणार नसेल तर चिंचिला आणू नये.

वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि घरचा इन्व्हर्टर सहसा एसी ओढत नाही. त्यासाठी उन्हाळाभर फ्रीजरमध्ये पाण्याच्या तीन-चार बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली की त्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवायच्या. ग्रॅनाइटचे दोन तुकडे फ्रीजमध्ये असू द्यावेत. एक पिंजऱ्यात, एक गार होतोय, असं आलटून पालटून. फरशीवाल्याकडे असे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. फक्त धारदार कडा घासून घ्या.

पावसाळ्याचं गणित वेगळं. चिंचिला पाळणारे एक साधी बेरीज करतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का मिळवायचा, दीडशेच्या वर गेलं की धोका. जुलैत खोलीत २४ अंश, म्हणजे साधारण ७५ फॅरनहाइट असतं. आपल्याला स्वेटर आठवतो. पण आर्द्रता ८५ असेल तर बेरीज १६० होते. या दिवसांत एसी ड्राय मोडवर चालवा किंवा डीह्युमिडिफायर घ्या, आणि आर्द्रता पन्नाशीच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. ही बेरीज कोरड्या उन्हाळ्यात मात्र फसवते. अथणीच्या दुपारी ९५ फॅरनहाइट आणि आर्द्रता २५ असली तर उत्तर १२० येईल, आणि तेवढ्यात जनावर दगावेल. म्हणून उन्हाळ्यात नुसतं तापमान बघा, पावसाळ्यात बेरीज. दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर पिंजऱ्याच्या उंचीवर अडकवा. दारापाशी लावलं तर ते दाराची हवा सांगेल.

धूर आणि वास हाही हवेचाच भाग. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनेल त्या खोलीत नको. संकेश्वरी मिरची भाजून वर्षाची चटणी करायच्या दिवशी त्याची खोली बंद ठेवा, आपल्यालाच ठसका लागतो तिथे त्याची काय कथा. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून घर असेल तर त्या बाजूची खिडकी कायमची लावून टाका.

पिंजरा

तयार पिंजरे बहुतेक सशा-पोपटांच्या मापाचे आणि प्लास्टिकच्या तळाचे येतात. चिंचिला प्लास्टिक कुरतडतो, तुकडे पोटात जातात, आतडं अडतं. त्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून करून घ्या: ३ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच, जाळीची भोकं अर्ध्या इंचाच्या आसपास, आणि हात आत घालून साफ करता येईल एवढं मोठं दार. तळाला जाळी ठेवली तर पाय अडकतो आणि तळव्यांना जखमा होतात, तेव्हा तळ पत्र्याचा आणि वर फ्लीस. लाकडाच्या वखारीतला भुसा अंथरू नका. त्यात कुठलंकुठलं लाकूड असतं आणि बारीक धूळ नाकात जाते.

आतल्या फळ्या एकमेकींपासून ६ ते ८ इंचांवर, पायऱ्यांसारख्या चढत्या, म्हणजे पडला तरी खालच्या फळीवर पडेल. लाकूड बिनपॉलिशचं पाइनवुड. आपल्याकडे उद्यमबागेत कारखान्यांच्या मालाचे पॅलेट सहज मिळतात. त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते हातही लावू नका. शिक्का बरोबर असला तरी ऑइलचे डाग पडलेला पॅलेट सोडा, आणि फाउंड्री-हायड्रॉलिक्सच्या गावात असेच जास्त सापडतात. प्लायवूड, सनमायका, लिंबू-संत्र्याच्या जातीचं लाकूड नको.

धावायला चाक ठेवणार असाल तर धातूचं, सलग पृष्ठभागाचं, १५ इंच व्यासाचं. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा फिरता चेंडू म्हणजे त्याच्यासाठी भट्टी. मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांचा खडू ओढू नका.

आल्यानंतरचे पहिले दिवस

प्रवास रात्री किंवा पहाटे. घरी आला की वाहकपेटीचं दार पिंजऱ्याच्या दाराला लावून ठेवा आणि त्याला स्वतःहून आत जाऊ द्या. जुना फ्लीस आत असावा, गवत आणि पाणी भरलेलं असावं. मग खोलीतून बाहेर या.

आता येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागते. शेजारच्या काकू डोकावून म्हणणार, “उंदीर पाळलासा व्हय?” मुलं जाळीत बोटं घालणार. पहिला आठवडाभर दार लोटूनच ठेवा. चिंचिला हा शिकार होणारा प्राणी, वरून येणारा हात त्याला गरुडाच्या झडपेसारखा वाटतो. तो दिवसभर झोपतो, तेव्हा त्याला दाखवायला उठवू नका.

या दिवसांत बघायच्या गोष्टी दोनच: लेंड्या पडताहेत का आणि गवत कमी होतंय का. पहिल्या रात्री कमी खाल्लं तर घाबरू नका. पण १२ तास लेंडीच नाही तर घाबरा.

खाणं

गवत, गवत आणि गवत. चिंचिलाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्याचं काम वाळलेलं गवतच करतं. चोवीस तास पुढ्यात टिमोथी गवत हवं. ते ऑनलाइन मागवावं लागतं. आपल्या शेतातला लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा. तो भरपूर आणि स्वस्त आहे, म्हणून मोह होतो, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. पिल्लांना आणि गाभण मादीला थोडा ठीक, मोठ्या जनावराला रोजचा नको. कडबा म्हशीला ठेवा.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. खमंग वास जाऊन कुबट यायला लागला की ती पिशवी टाकून द्या, पैशाकडे बघू नका. जूनच्या आधी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, महिनाभराचंच गवत मागवा, आणि धान्यात टाकतो तशा पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर त्यात चुकूनही टाकू नका.

गवताशिवाय रोज साधे टिमोथीचे पेलेट, एक ते दोन मोठे चमचे. रंगीत दाणे, बिया, मनुका मिसळलेली पाकिटं घेऊ नका. पेलेट बदलायचे तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत दोन आठवड्यांत बदला. पाणी उकळून गार केलेलं, काचेच्या बाटलीतून.

यापलीकडे काही नाही. हे घरच्यांना पटवणं हेच खरं काम. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला काही दिल्याशिवाय राहवत नाही, मग तो पाहुणा चार पायांचा का असेना. आज्जी चुरमुरे देणार, कुणी शेंगदाणा, कुणी गुळाचा खडा. एखाद्यानं कुंदाही पुढे केलेला पाहिला आहे. साखर आणि तेल त्याच्या आतड्यात वायू करतं. चिंचिलाला ना उलटी करता येते, ना वायू नीट बाहेर टाकता येतो. खाऊ म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ओटचा एक सुका दाणा किंवा बिनफवारणीच्या गुलाबाची वाळकी पाकळी पुरे. तीसुद्धा तुमच्याच हातून, कारण पुढे मैत्रीत हा एकच हुकमाचा पत्ता तुमच्याकडे असणार आहे.

धुळीची अंघोळ

चिंचिलाला पाण्यानं कधीही धुवायचं नाही. एवढी दाट लव आतून वाळत नाही, तिथे बुरशी धरते आणि त्याला थंडी बाधते. चुकून भिजलाच तर टॉवेलानं टिपा आणि ड्रायरची गार हवा द्या.

अंघोळ ज्वालामुखीच्या राखेपासून केलेल्या खास बारीक धुळीची. आठवड्यातून दोन-तीनदा, पावसाळ्यात एखाद वेळ जास्त, १० ते १५ मिनिटं. वाळू जाड पडते, केस तोडते. टाल्कम पावडर फुप्फुसात जाते. मुलतानी मातीचे दमट हवेत गोळे होतात. रांगोळीची भुकटी वापरणारेही भेटले आहेत. ती दगडाची चुरी आहे, डोळ्यांत खुपते.

जड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा चिनीमातीची बरणी घ्या, तळाला दोन इंच धूळ घाला आणि संध्याकाळी पिंजऱ्यात ठेवा. आधी तो मिश्या हलवत कडेनं फिरतो, पुढचा एक पाय आत टाकून धूळ खरवडतो, क्षणभर थबकतो, आणि मग अख्खं अंग एका कुशीवर झोकून देतो. उठतो, अंग झाडतो, दुसऱ्या कुशीवर. एवढ्या वेगात की नुसता करडा भोवरा दिसतो. बाहेर आल्यावर लव एकेक केस सुटा झाल्यासारखी फुलते. अंघोळ झाली की भांडं काढून घ्या. आत राहिलं तर त्याचा मुतारीसारखा वापर होतो आणि सतत लोळून कातडी कोरडी पडते. लेंड्या चाळणीनं काढून तीच धूळ काही वेळा वापरता येते.

ओळख वाढवणं

वेळ दिवेलागणीची. देवापुढे दिवा लागतो त्याच सुमारास तो जागा होतो. रोज त्याच वेळी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसा. त्याच्याकडे टक लावू नका, काहीतरी वाचा, हळू आवाजात बोला. मराठीत बोला नाहीतर कन्नडात, त्याला आवाज ओळखीचा व्हायला हवा.

तो तुम्ही बसलेले असताना निवांत खायला लागला की पुढची पायरी: दार उघडून तळहात वर करून, सपाट, तळाशी ठेवा. हलवायचा नाही. तो येतो, हुंगतो, पळतो. परत येतो. एखाद्या संध्याकाळी बोटांच्या टोकाला दातांनी हलकेच चाचपतो. ते चावणं नव्हे, ओळख करून घेणं आहे. तेव्हा हात झटकन मागे घेतला तर तुमच्या हाताला घाबरायचं हे तो शिकतो. जोरात दाबायला लागला तर तोंडानं बारीक ‘च्च’ करा आणि हात हळूच काढा.

हातावर पुढचे दोन पाय टेकवायला लागला की पाकळी तळव्यावर ठेवा, मग मनगटाजवळ, म्हणजे चारही पाय हातावर यावे लागतील. बोटानं हनुवटीखाली खाजवून बघा. डोळे मिटून मान वर केली तर काम झालं. डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवायची घाई नको. काहींना ते जन्मभर आवडत नाही आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

या सगळ्याला कुणाकडे दोन आठवडे लागतात, कुणाकडे सहा महिने. आधीच्या घरी धरपकड झालेला असेल तर जास्तच.

त्याचं बोलणंही शिकून घ्या. हलकं गुरगुरल्यासारखं कूजन म्हणजे खुशीत आहे. कुत्र्याच्या पिलासारखं ठराविक लयीत भुंकणं म्हणजे कशानं तरी दचकलाय. मागच्या पायांवर ताठ उभी राहिलेली मादी दिसली तर बाजूला सरा, ती नेम धरून मुताची पिचकारी मारते.

उचलायची वेळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि अंगाशी धरा. बरगड्या नाजूक असतात, दाबू नका. लव मुठीत धरली तर तेवढा पुंजका हातात सोडून तो पळतो. गरुड-कोल्ह्याच्या तावडीतून सुटायची ही त्याची युक्ती आहे. कातडी उघडी पडते आणि लव परत यायला महिने लागतात. शेपटीच्या टोकाला कधीच धरू नका.

बाहेर मोकळा सोडायचा तो हात ओळखीचा झाल्यावरच. कोरडी न्हाणी सर्वांत सोयीची: कमोडचं झाकण बंद, बादल्या बाहेर, वायरी नाहीत. तुम्ही मध्ये बसा आणि त्याला तुमच्या पायांवरून उड्या मारू द्या. अर्धा तास पुरे. परत नेताना पाठलाग केलात तर महिन्याची कमाई एका फेरीत जाते. त्यापेक्षा धुळीचं भांडं आणून ठेवा, तो स्वतःहून आत बसतो, वर हात झाकून भांड्यासकट उचला.

सणांचं आधीच ठरवा. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते, म्हणजे उकाडा आणि रात्रभराचा आवाज एकदमच. मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर पिंजरा मागच्या खोलीत, जाळीवर हवा खेळेल असं सुती कापड, आणि एसी चालू. गणपतीत आणि दिवाळीतही तेच. मोठ्या आवाजानंतर दोन दिवस खेळायला बोलावू नका.

दुखलं-खुपलं तर

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला एकाच वारी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. मोठा चिंचिला ४०० ते ७०० ग्रॅम भरतो. सलग घट दिसली की डॉक्टर. दात पिवळे-केशरी असणं चांगलं, पांढरे पडले तर काळजी. हनुवटी ओली राहणं, खायला येऊन न खाता मागे फिरणं, डोळ्यांतून पाणी ही दातांच्या दुखण्याची लक्षणं.

कान लालभडक, कुशीवर आडवा पडून धापा टाकणं म्हणजे उष्माघात. त्याला लगेच गार खोलीत न्या, ग्रॅनाइटवर ठेवा, कानांना गार पाण्याचा ओला फडका लावा. बर्फात किंवा पाण्यात बुडवू नका. सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाय, म्हैस, कुत्रा यांचा हात बसलेला असतो. चिंचिला त्यांच्यासमोर क्वचितच येतो. म्हणून एक गोष्ट तुम्हीच लक्षात ठेवा: तोंडानं दिलेली अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि त्यानं जीव जाऊ शकतो. हे कागदावर लिहून पिंजऱ्याला लावा आणि औषध लिहून घेताना डॉक्टरांना नम्रपणे दाखवा. चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत.

लहान आणि परदेशी प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर कोल्हापूर, हुबळी-धारवाड, गोवा, पुणे किंवा बंगळूर यांपैकी कुठे आहे ते प्राणी धडधाकट असतानाच फोन करून शोधा. रात्री घेतात का, व्हिडिओवर बघतात का, विचारून ठेवा. निघायची वेळ आली तर वाहकपेटीत मूठभर गवत आणि जुना फ्लीस, टॉवेलात गुंडाळलेली गोठलेली बाटली पेटीबाहेर टेकवलेली, गाडीचा एसी आधी दहा मिनिटं चालवलेला, आणि ताज्या लेंड्या एका डबीत. डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतात.